बॉर्डनटाऊनची शाळा कोणी बंद केली?

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९५५ च्या जून महिन्यात स्वतःच्याच मालकीची एक निवासी औद्योगिक शाळा बंद केली. बॉर्डनटाऊन नावाच्या लहानशा गावाबाहेर, डेलावेअर नदीच्या काठावर, चारशे एकरांत ही शाळा पसरलेली होती. तीस इमारती, शेती, गोठे, कार्यशाळा, वसतिगृहे असा तिचा पसारा होता. शिकणारी मुले-मुली काळी, शिकवणारेही काळे. ही शाळा एकोणसत्तर वर्षे चालली. ती बंद करताना दिलेले मुख्य कारण असे : येथे गोरी मुले येत नाहीत, म्हणून ही शाळा वर्णभेदी ठरते, आणि वर्णभेदी शाळा चालवणे आता कायद्याला मान्य नाही. वर्णभेद संपवायचा होता, तो काळ्यांची शाळा संपवून संपवला गेला. ज्या शाळांत काळी मुले नव्हती, अशा गोऱ्यांच्या शाळा मात्र चालूच राहिल्या.

या शाळेविषयी येथे का लिहायचे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील काळ्यांच्या चळवळीवरून घेतले. तेव्हापासून त्यांच्या आणि आपल्या साहित्याचे नाते आपण सांगत आलो आहोत. परिसंवाद झाले, भाषांतरे झाली, तौलनिक अभ्यासाचे प्रबंध झाले. परंतु हे सारे कवितेपुरते, आत्मकथनापुरते आणि मोर्चांपुरते राहिले. त्यांच्या शाळा कशा होत्या, त्या कोणी काढल्या, कोणी चालवल्या आणि कोणी मोडल्या, याकडे आपल्या समीक्षेने फारसे पाहिले नाही. साहित्य लिहिणारा माणूस कोठल्या तरी शाळेतून येतो. ती शाळा समजल्याशिवाय त्याचे लेखन पुरते समजत नाही, हे आपल्या बाबतीत आपण मान्य करतो. मग त्यांच्या बाबतीतही ते मान्य केले पाहिजे.

१

या शाळेचा जन्म एका विसंगतीतून झाला. न्यू जर्सी हे उत्तरेकडचे राज्य. १८८१ सालीच तेथे असा कायदा झाला होता की धर्म, राष्ट्रीयत्व वा वर्ण यांच्या कारणावरून कोणत्याही मुलाला सार्वजनिक शाळेतून वगळता येणार नाही. हा कायदा कागदावरच राहू नये म्हणून बर्लिंग्टन गावच्या रेव्हरंड जेरेमाया पिअर्स या काळ्या धर्मोपदेशकाने आपल्या मुलांसाठी खटला भरला, आणि १८८४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. बॉर्डनटाऊन याच बर्लिंग्टन जिल्ह्यात येते. निकालानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८८६ साली, त्याच जिल्ह्यात काळ्या मुलांसाठी स्वतंत्र शाळा निघाली. कायदा दार उघडतो आणि समाज ते आतून लावून घेतो. सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या करणारा १९२३ चा बोले ठराव आणि त्यानंतर चार वर्षांनी करावा लागलेला महाडचा सत्याग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शाळा काढणारे रेव्हरंड वॉल्टर राइस हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे धर्मोपदेशक. ते स्वतः गुलामगिरीत जन्मलेले होते. एका लहानशा घरात त्यांनी वर्ग सुरू केला. १८९४ साली राज्य सरकारने ही शाळा आपल्या आश्रयाखाली घेतली. पुढे ती गावाबाहेरच्या एका जुन्या जमीनदारी वाड्यात गेली. हा वाडा अमेरिकन आरमारातील चार्ल्स स्ट्युअर्ट या सेनानीचा. त्याच्या गाजलेल्या जहाजाच्या टोपणनावावरून त्या जागेला 'आयर्नसाइड्स' म्हणत. आयर्लंडच्या स्वराज्याचा पुढारी चार्ल्स पार्नेल हा याच स्ट्युअर्टच्या मुलीचा मुलगा. गुलामांच्या मुलांनी अशा वाड्यात राहावे आणि शिकावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तरी सरकारी कागदावर शाळेचे नाव होते 'कलर्ड' मुलांसाठीची हस्तव्यवसाय व उद्योग शाळा. त्या नावातच राज्याचा हेतू दिसतो. ही मुले वेगळी बसवायची आणि त्यांच्या हातांना वळण लावायचे.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्या राज्याने शाळेत वर्ण पाहणे बेकायदा ठरवले, त्याच राज्याने वर्ण पाहून प्रवेश देणारी शाळा साठ वर्षे आपल्या तिजोरीतून चालवली. यात राज्याचे औदार्य होते असे म्हणावे, तर गावोगावच्या हायस्कुलांवर काळी मुले घेण्याची सक्ती त्याने का केली नाही? बॉर्डनटाऊनची शाळा आहे ना, मग तुम्ही तेथे जा, असे सांगण्याची सोय या शाळेने करून दिली. काळ्या समाजातील जे लोक या शाळेकडे संशयाने पाहत होते, त्यांच्या संशयाचे मूळ येथे आहे.

२

या शाळेत काय शिकवावे, याचा वाद तिच्या आयुष्यभर चालला. काळ्यांच्या शिक्षणाविषयीचा तो सर्वात मोठा वाद होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली अलाबामात टस्किगीची संस्था सुरू केली, आणि १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात गोऱ्यांना आश्वासन दिले की काळा माणूस आधी हाताने काम करून पोट भरायला शिकेल. सामाजिक समतेचा आग्रह तो आज धरणार नाही. १९०३ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी या भूमिकेवर कठोर टीका केली. मताचा हक्क, नागरी समता आणि गुणवान तरुणांना उच्च शिक्षण या तीन गोष्टी सोडून मिळणारी भाकरी हा सौदा त्यांना मान्य नव्हता. बॉर्डनटाऊनच्या शाळेला लोक 'उत्तरेकडची टस्किगी' म्हणत. पण केवळ त्या नावावरून तिला वॉशिंग्टनच्या खात्यात टाकणे घाईचे ठरेल.

१८९७ पासून १९१५ पर्यंत जेम्स मन्रो ग्रेगरी हे तिचे प्राचार्य होते. हॉवर्ड विद्यापीठात लॅटिन शिकवणारा आणि फ्रेडरिक डग्लसवर १८९३ साली पुस्तक लिहिणारा हा माणूस. त्यांच्यानंतर आलेले विल्यम व्हॅलेंटाइन हे हार्वर्डचे पदवीधर. तीन दशकांहून अधिक काळ शाळा त्यांच्या हाती होती. सुतारकाम, मोटारदुरुस्ती, छपाई, शिवणकाम, शेती हे धंदे तेथे शिकवले जात. त्याच आवारात महाविद्यालयाची तयारी करून घेणारा अभ्यासक्रमही होता. हस्तव्यवसायाची पाटी लावायची आणि आत डोक्यालाही खाद्य द्यायचे, हे काळ्या शिक्षकांनी केलेले शांत बंड होते. सरकारला पाटी दिसत होती. मुलांना वर्गात काय मिळत होते, ते मुलांना ठाऊक होते.

व्हॅलेंटाइन यांच्याशी आपला एक जवळचा धागा आहे. बॉर्डनटाऊनला येण्यापूर्वी ते इंडियानापोलिस शहरातील एका काळ्या वस्तीतल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. शेजारची मोडकळीस आलेली घरे घेऊन, मुलांच्याच हातून ती दुरुस्त करवून, त्यांनी तेथे कार्यशाळा उभारल्या होत्या. वस्तीलाही शाळेत जागा दिली होती. या प्रयोगाचे गौरवपूर्ण वर्णन जॉन ड्युई यांनी आपली कन्या एव्हलिन हिच्यासह लिहिलेल्या 'स्कूल्स ऑफ टुमॉरो' या १९१५ सालच्या पुस्तकात आहे. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन बॉर्डनटाऊनला आले. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ड्युई यांच्या वर्गात भीमराव आंबेडकर नावाचा चोवीस वर्षांचा भारतीय विद्यार्थी बसत होता. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून माणसांनी एकमेकांत मिसळून जगण्याची रीत आहे, हा ड्युईंचा विचार बाबासाहेबांनी पुढे 'जातिसंस्थेचे उच्चाटन' मध्ये जातीविरुद्ध वापरला, आणि या गुरूचे ऋणही तेथेच मोकळेपणाने नोंदवले.

मात्र गुरूने जेथे थांबावे तेथून शिष्याने पुढे जावे, असे येथे घडलेले दिसते. ड्युईंच्या त्या प्रकरणाचा भर शाळा आणि वस्ती यांच्या नात्यावर आहे. काळी मुले कौशल्य शिकतील, वस्ती सुधारेल, नागरिक घडतील, अशी ती आशा आहे. त्या मुलांना पुढे कारखान्यात घेणार कोण, हा प्रश्न त्या प्रकरणाच्या मध्यभागी नाही. अमेरिकेतील कुशल कारागिरांच्या कित्येक कामगार संघटनांनी काळ्यांना सभासदत्वच नाकारले होते. संघटनेत नाही तर उमेदवारी नाही, उमेदवारी नाही तर धंद्यात प्रवेश नाही. शाळा हातात रंधा देते आणि बाजार तो रंधा हिसकावून घेतो.

आपल्याकडे हे मुंबईच्या गिरण्यांत घडले. अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात घेत नसत. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगार हाती घ्यायला तयार नव्हता. साचेखात्यात मजुरी जास्त होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला, तेव्हा वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. महाराच्या पोराला विणकाम येत नव्हते म्हणून तो साचेखात्याबाहेर राहिला, असे नव्हते. जात कामाची प्रतवारी करते तशीच ती काम करणाऱ्याचीही प्रतवारी करते. हे ज्याने ओळखले, त्याला नुसत्या धंदेशिक्षणाने मुक्ती मिळेल असे वाटणे शक्य नव्हते.

याचा अर्थ बाबासाहेबांनी हाताच्या कामाला कमी लेखले, असा काढला जातो. तो चूक आहे. १९४२ साली त्यांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अनुसूचित जातींच्या मुलांसाठी विज्ञान व तंत्रशास्त्राच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. त्याबरोबर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कार्यशाळांत उमेदवारीही मागितली. मागणीचा हा दुसरा भाग नीट पाहिला पाहिजे. धंदा शिकवा, आणि तो जेथे चालतो तेथे आत घ्या, असे ते म्हणतात. याउलट १९३७ च्या वर्धा योजनेतील हस्तोद्योग पाहा, किंवा मद्रासमध्ये राजाजींनी १९५३ साली आणलेली योजना पाहा. त्या योजनेत मुलांनी अर्धा दिवस शाळेत आणि अर्धा दिवस घरच्या पिढीजात धंद्यात घालवायचा होता. पेरियारांच्या चळवळीने ती कुलधंद्याची शिकवण म्हणून झोडपली आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. हाताचे काम वाईट नाही. कोणाच्या मुलाने ते करायचे हे आधीच ठरलेले असते, ते वाईट आहे.

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. मी घराण्यातला पहिला पदवीधर. दहावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या वस्तीतल्या आम्हा चौघांना एका शिक्षकांनी बोलावून सांगितले की अकरावी-बारावीच्या भानगडीत पडू नका, एमसीव्हीसीला किंवा आयटीआयला जा, लवकर हाताला काम लागेल. वर्गातल्या पाटलाच्या मुलाला आमच्यापेक्षा कमी गुण होते. त्याला मात्र त्यांनी विज्ञान शाखेचा अर्ज स्वतः भरून दिला. वडील गवंड्याच्या हाताखाली काम करीत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून मला तालुक्याच्या कॉलेजात घेऊन गेले. माझा चुलतभाऊ आयटीआयला गेला. मोटर रिवाइंडिंग शिकला. आज तालुक्याच्या गावी त्याचे दुकान आहे आणि आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी जळालेला पंप घेऊन त्याच्याकडेच येतात. मी एम. ए. झालो, नेट झालो, आणि आठ वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत राहिलो. त्या आठ वर्षांत माझ्या घरचे भाडे कित्येकदा त्या दुकानाच्या गल्ल्यातून गेले आहे. म्हणून हात विरुद्ध डोके असा वाद मी करीत नाही. चुलतभावाचा धंदा मला कमी वाटत नाही. मला सलते ते एवढेच, की त्या दिवशी शाळेत आम्हा चौघांनाच बाजूला बोलावले गेले.

३

आता शाळा बंद होण्याकडे वळू.

बॉर्डनटाऊनहून काही मैलांवर ट्रेंटन ही राज्याची राजधानी आहे. तेथे ग्लॅडिस हेजपेथ आणि बर्लीन विल्यम्स या दोन मातांनी आपल्या मुलांना जवळच्या शाळेत घ्यावे म्हणून खटला लढवला. १९४४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून मुले वेगळ्या शाळेत पाठवणे बेकायदा ठरवले. १९४७ च्या नव्या राज्यघटनेत सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजनाला स्पष्ट बंदी आली. हे दोन्ही विजय काळ्यांनी लढून मिळवले होते. मेरियन थॉम्पसन राइट या काळ्या इतिहासकार स्त्रीने न्यू जर्सीतील काळ्यांच्या शिक्षणाचा इतिहास १९४१ साली ग्रंथरूपाने मांडला होता. विभाजित शाळांविरुद्धच्या लढ्याच्या पाठीशी असे संशोधन उभे होते.

या विजयाची पहिली आच बॉर्डनटाऊनला लागली. शाळेच्या नावातून 'कलर्ड' हा शब्द गेला आणि गोऱ्या मुलांना प्रवेश खुला झाला. आले किती? बोटांवर मोजण्याइतके. काळ्या प्राचार्याच्या हाताखाली, काळ्या शिक्षकांकडून, काळ्या मुलांच्या शेजारी झोपून शिकण्यासाठी गोरे पालक आपली मुले पाठवायला तयार नव्हते. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्याचा निकाल लागला आणि साऱ्या देशात विभाजित शाळा घटनाबाह्य ठरल्या. पुढच्याच वर्षी बॉर्डनटाऊनला कुलूप लागले.

या युक्तिवादाची चिकित्सा करण्यासाठी वकिलीची गरज नाही. दार उघडे असूनही गोरा माणूस आत येत नाही, हा दोष कोणाचा? दार उघडणाऱ्याचा की न येणाऱ्याचा? राज्याने शिक्षा दार उघडणाऱ्याला दिली. गोऱ्यांच्या नकाराला त्याने निसर्गनियम मानले आणि त्या नकारावर आपले धोरण उभे केले. एकात्मता याचा अर्थ काळ्यांनी गोऱ्यांकडे जाणे, एवढाच ठरला. गोऱ्यांनी काळ्यांकडे जाणे हाही एकात्मतेचाच अर्थ आहे, हे कोणाच्या मनातही आले नाही. ज्याच्याकडे जायचे ते चांगले आणि ज्याला सोडायचे ते हीन, हा जुना निवाडा नव्या कायद्याच्या पोटात तसाच राहिला.

आणि सोडायचे ते खरोखर हीन होते काय? बॉर्डनटाऊनच्या शिक्षकांत मोठमोठ्या विद्यापीठांतून शिकलेली माणसे होती. गोऱ्या मुलांच्या शाळांत त्यांना कोणी घेत नसे, म्हणून ती येथे होती. वर्णभेदाने त्यांना कोंडले आणि त्या कोंडवाड्यात त्यांनी उत्तम शाळा उभी केली. पॉल रोबसन, अल्बर्ट आइन्स्टाइन, एलिनॉर रूझवेल्ट अशी माणसे या शाळेत येऊन गेली. आपल्यासारखा दिसणारा माणूस फळ्यासमोर उभा आहे, हे दृश्य मुलाच्या मनाला काय देते, ते आपल्यापैकी ज्यांना असा शिक्षक मिळाला त्यांनाच कळेल. मला तो एम. ए. च्या वर्गात पहिल्यांदा मिळाला.

डु बॉइस यांनी हे वीस वर्षे आधी पाहिले होते. १९३४ साली ते याच प्रश्नावर आपल्याच संघटनेतून बाहेर पडले, आणि १९३५ साली त्यांनी काळ्यांना वेगळ्या शाळा हव्यात काय, या प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : मुलाला वेगळी शाळा किंवा एकत्र शाळा हे ध्येय असू शकत नाही; त्याला शिक्षण हवे. ज्या एकत्र शाळेत त्याचा रोज अपमान होतो ती शाळा नव्हे, आणि ज्या वेगळ्या शाळेला पैसा नाही, पुस्तके नाहीत तीही शाळा नव्हे. त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना हा विश्वासघात वाटला. ब्राऊन निकालानंतरच्या दहा-अकरा वर्षांत दक्षिणेकडील आणि सीमेवरील सतरा राज्यांत सुमारे ३८ हजार काळ्या शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, असा अंदाज पुढे मांडला गेला. मुले गोऱ्यांच्या शाळांत गेली. शिक्षकांना तेथे जागा नव्हती.

तरीही ज्या काळ्यांनी बॉर्डनटाऊन बंद व्हावी असे म्हटले, त्यांना मी दोष देणार नाही. झोई बर्कहोल्डर या इतिहासकार बाईंनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या शाळेवरून काळ्या समाजातच झालेल्या वादाचा मागोवा घेतला आहे. तो वाद गद्दार आणि निष्ठावंत यांच्यातला नव्हता. ही शाळा टिकली तर गावागावच्या हायस्कुलांना पळवाट मिळेल, हे खरे होते. ही शाळा गेली तर आपल्या हाती काही उरणार नाही, हेही तितकेच खरे होते. शोषितांना असे दोन सत्यांमधून एक निवडायला लावणे, हीच व्यवस्थेची करामत असते.

४

२०१० साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर या शाळेवरचा एक माहितीपट दाखवला गेला. त्याचे नाव 'अ प्लेस आऊट ऑफ टाइम', म्हणजे काळाबाहेरची एक जागा. माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी जपण्याचे मोलाचे काम त्याने केले. पण या नावाशी माझे भांडण आहे. ही शाळा काळाबाहेर कधीच नव्हती. १८८१ चा मोडलेला कायदा, संघटनांनी बंद केलेले धंदे, गोऱ्या शाळांनी नाकारलेले शिक्षक, १९४७ ची राज्यघटना या साऱ्या काळाने ती घडवली आणि काळानेच ती मोडली. हरवलेल्या नंदनवनासारखी तिची आठवण काढली की आपोआप दोन गोष्टी झाकल्या जातात. तिला वेगळी पाडणारे राज्य आणि तिला बंद करणारे राज्य एकच होते, हे विसरले जाते. आणि आत राबणाऱ्या माणसांची हुशारी ही जागेची जादू म्हणून सांगितली जाते. आपल्या वसतिगृहांविषयीच्या आत्मकथनांतही हा धोका आहे. बोर्डिंगातील पातळ आमटी आणि एका पांघरुणात झोपलेले तिघे यांच्या आठवणी आपण गहिवरून लिहितो. पण त्या बोर्डिंगचे अनुदान कोणी अडवले, हे लिहायचे राहते.

आपल्या इतिहासात या प्रश्नाची वेगळी उत्तरे सापडतात. राजर्षी शाहूंनी १९१९ साली करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. वरवर पाहता हे बॉर्डनटाऊनसारखेच वाटेल. परंतु अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली निघालेले मिस क्लार्क वसतिगृह त्यांनी मोडले नाही. वर्ग एकत्र केला आणि आधार स्वतंत्र ठेवला. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले. ती पहिल्या दिवसापासून सर्व जातींना खुली होती. पण संस्था आपली होती, धोरण आपले होते, नाव बुद्धाच्या परंपरेतले होते. इतरांनी यायचे ते या नावाखाली यायचे. आपले असणे म्हणजे वेगळे पडणे नव्हे, आणि एकत्र येणे म्हणजे विरघळून जाणे नव्हे, हे येथे प्रत्यक्षात आले. बॉर्डनटाऊनला हे साधता आले नाही याचे कारण तिच्या शिक्षकांची कुवत कमी होती हे नाही. संस्थेची मालकी त्यांच्याकडे नव्हती. ज्याने १८९४ मध्ये मदत दिली, त्यानेच १९५५ मध्ये किल्ली काढून घेतली.

आज आपल्याकडे शाळा बंद करण्याची भाषा वेगळी आहे. २०२३ साली महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी समूहशाळा आणण्याचा विचार सरकारने पुढे केला. पट हा आकडा निष्पाप दिसतो. पण वाडी-तांड्यावरचा, वस्तीवरचा पट का घटला? सधनांनी आपली मुले इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवली म्हणून. जे सोडून गेले त्यांच्या गैरहजेरीचा दंड जे राहिले त्यांनी भरायचा, हा बॉर्डनटाऊनचाच हिशेब आहे.

त्या शाळेच्या आवाराचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. शाळा गेल्यावर राज्याच्या दुसऱ्या खात्याने तेथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांसाठी एक केंद्र चालवले. १९९२ साली तेही बंद झाले. नंतर त्याच आवारात अल्पवयीन गुन्हेगारांसाठी बंदिस्त सुधारगृह उभे राहिले. न्यू जर्सीच्या अशा सुधारगृहांत काळ्या मुलांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील वाट्याच्या कितीतरी पट राहिले आहे. म्हणजे काळी मुले त्या जमिनीवर परत आली. या वेळी त्यांची गोऱ्यांपासून वेगळी मोजदाद करण्याला कोणी घटनाबाह्य म्हटले नाही.

म्हणून कार्यकर्त्या मित्रांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या तालुक्यात गेल्या पन्नास वर्षांत बंद पडलेली एखादी शाळा, एखादे वसतिगृह, एखादी रात्रशाळा शोधा. तिचे पटाचे रजिस्टर मिळते का पाहा. शेवटच्या वर्षी किती मुले होती आणि ती पुढे कोठे गेली, तिथले शिक्षक कोठे गेले, आणि जागेचा सातबारा आज कोणाच्या नावावर आहे, एवढे तीन प्रश्न विचारा. उत्तरे लिहून ठेवा. माझ्या गावच्या बोर्डिंगची इमारत आता एका पतसंस्थेचे गोदाम आहे. तिचे जुने रजिस्टर कोणाकडे आहे, याचा शोध मी या उन्हाळ्यात सुरू केला आहे.